सौदा आणि पेव : दिवाळीच्या पाच सिनेमांची चोपडी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपती गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, दिवाळीला सगळे सांगलीत येतोय. आठ माणसं, चार दिवस. बघण्यासारखे पाच सिनेमे काढून ठेव. मागच्या खेपेसारखं रिमोट फिरवत बसायचं नाही." मागच्या दिवाळीत खरंच तसं झालं होतं. चिवड्याचा डबा तळाला लागला तरी सिनेमा ठरला नव्हता, शेवटी सगळ्यांनी जुनी क्रिकेट मॅच बघितली.

काम अंगावर घेतलं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, त्यामुळं आधी वही, मग बाकीचं. लाल चोपडी काढली. मार्क शंभरात नाहीत, चांदण्यांत नाहीत, आण्यांत. सोळा आणे म्हणजे रुपया. आईलाही हे लगेच कळलं. अर्धा आणा चालणार नाही, नाहीतर मी प्रत्येक सिनेमाला साडेअकरा देऊन मोकळा होईन. स्वभाव माहीत आहे स्वतःचा.

रकाने दोन. पहिला 'सौदा' : सिनेमा संपला, त्या रात्री झोपायच्या आत घातलेला आकडा. दुसरा 'पेव' : पंधरा दिवसांनी घातलेला. मधल्या काळात पहिल्या आकड्यावर कॅलेंडरचा तुकडा टाचून ठेवायचा, डोकावायचं नाही.

पेव शब्द कसा सुचला ते लिहून ठेवतो. लहानपणी वडिलांबरोबर सांगलीजवळच्या हरिपूरला जायचो तेव्हा पेवं बघितली आहेत. तोंड निमुळतं, पोट मोठं, जमिनीत खोल. हळद आत ओतायची, तोंड बंद करायचं आणि भाव येईपर्यंत तिकडं बघायचं नाही. कीड लागत नसे. २००५ च्या पुरात त्यातली बरीच कामातून गेली. पण वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यात राहिली : पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. सौद्याच्या दिवशी ढीग झळकतो, सगळेच खूश असतात. मालाचं खरं काय ते नंतर कळतं.

१४ सप्टेंबर, रविवार

दशावतार (२०२५). परवाच लागलाय. सौ.ला घेऊन सहाचा खेळ गाठला. दोघांच्या तिकिटांएवढे पैसे पॉपकॉर्नला गेले, त्याची नोंद वेगळ्या खात्यात.

कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत, डोळे अधू होत चाललेले, पोरगा म्हणतो आता तोंडाला रंग लावणं बंद करा. दिलीप प्रभावळकरांचं वय एक्क्याऐंशी, आणि हा माणूस पडद्यावर असा वावरतो की आपणच खुर्चीत पाय आखडून बसतो. पूर्वार्धात तो रंग लावायला बसतो तिथं मी पॉपकॉर्न खायचा थांबलो. हाताला सवय आहे, डोळ्यांना दिसत नाही, आणि ते लपवायचं आहे. तिन्ही गोष्टी बोटांतून दिसतात. उत्तरार्धात कथा सूडाच्या वाटेनं जाते. तिथं आवाज वाढतो, पाऊस वाढतो. पुढचं सांगत नाही, भाचा वाचेल.

बाहेर पडताना सौ. म्हणाली, "आपल्याकडंही असलंच आलेलं की." ती शाळेत शिकवते, रंगभूमी दिनाचं भाषण दरवर्षी तिच्याच गळ्यात पडतं. १८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली, त्यांचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि यापेक्षा नेटकं काहीतरी मराठीत कर असं विष्णुदास भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं. म्हणजे ज्या गावात आम्ही पार्किंगचे वीस रुपये देत होतो त्या गावात मराठी नाटकाचा जन्म असल्याच खेळाच्या धक्क्यानं झाला. हे मला माहीत होतं, पण सिनेमा बघून येताना ऐकलं तेव्हा वेगळं लागलं.

एक तक्रार. शेवटच्या पाट्या सुरू झाल्या तोच दिवे लावले आणि झाडूवाले आत आले. म्हाताऱ्याचं काम बघून डोळ्यांत आलेलं पाणी ट्यूबलाइटमध्ये पुसावं लागलं.

सौदा : १३ आणे.

१७ सप्टेंबर, बुधवार

वाळवी (२०२३). परेश मोकाशी. बायकोच्या आत्महत्येचा बेत आखणारा नवरा आणि त्याची मैत्रीण, पुढं सगळं बेतापलीकडं जातं. पावणेदोन तासांत संपतो हा मोठा गुण. हसलो, दचकलो, झोपलो. सौदा : १२.

२० सप्टेंबर, शनिवार

सामना. जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. याआधी दोनदा पाहिलाय : एकदा दूरदर्शनवर, एकदा व्हीसीडीवर. ती व्हीसीडी २०१९ च्या पुरात गेली. आमच्या गावभागातल्या घरात पाणी चढलं तेव्हा आधी आई, मग कागदपत्रं, मग गॅसची टाकी वर नेली. सिनेमांचा खोका खाली राहिला. पाणी उतरल्यावर त्यातून जे निघालं त्याला चिखलाची लगडी म्हणता येईल.

साखर कारखान्याच्या मुलखात राहून 'सामना' बघणं हा वेगळा प्रकार आहे. मुंबईच्या माणसाला यातला साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील खलनायक वाटत असेल. आम्हाला तो ओळखीचा वाटतो, आणि अडचण तिथंच आहे. निळू फुले यात ओरडत नाहीत. घरात घेतात, जेवायला वाढतात, "मास्तर" म्हणून हाक मारतात. आदरातिथ्य एवढं की पाहुण्याला प्रश्न विचारायची लाज वाटावी. आणि डॉ. श्रीराम लागूंचा दारूनं खचलेला मास्तर नेमका एकच प्रश्न धरून बसतो : मारुती कांबळेचं काय झालं?

या वेळी मी एक गोष्ट पहिल्यांदाच पाहिली. मास्तर प्रश्न विचारतो तेव्हा मी त्याच्याकडं बघत होतो, आजवर तसंच बघत आलो. आज ठरवून आजूबाजूच्या माणसांकडं बघितलं. कोणी पान लावतंय, कोणी चुळबुळ करतंय, कोणी दुसरीकडंच बघतंय. सगळ्यांना उत्तर माहीत आहे. गाव हे असंच गप्प बसतं. आमच्या यार्डात वजनकाट्याची भानगड झाली होती तेव्हा अशीच माणसं छताच्या पत्र्याकडं बघत होती, आणि त्यात मीही होतो. नाव-गाव लिहीत नाही, जुनी गोष्ट आहे.

आईनं अर्ध्यातून उठून दूध तापवलं, परत आली, म्हणाली, "सापडला काय मारुती?" मी नाही म्हणालो. "मग सापडणार नाही," म्हणाली आणि जपमाळ घेतली.

सौदा : १४.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अशी ही बनवाबनवी (१९८८). घट बसले कालच, शेजारचे काका-काकू उपवासाचे वेफर्स घेऊन आले, म्हणून हा लावला. मुळात 'बीवी और मकान' या १९६६ च्या हृषीकेश मुखर्जींच्या हिंदी सिनेमावरून घेतलेला, हे काकांना सांगितलं तर त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "अशोक सराफ होता काय त्यात? नव्हता ना? मग गप्प बस."

आता याला आणे कसे घालायचे? एकही वाक्य पडद्यावरून ऐकलं नाही. प्रत्येक वाक्य आधी कोणीतरी खोलीत म्हणत होतं, मग लक्ष्मीकांत बेर्डे म्हणत होते. सुधीर जोशींच्या घरमालकाचा प्रवेश आला तेव्हा काका उठून उभे राहिले आणि त्यांनी तो करूनच दाखवला. वाईट करून दाखवला.

घरच्या माणसाला मार्क घालत नसतात. सौदा : आडवी रेघ.

२९ सप्टेंबर, सोमवार

'दशावतार'चं पेव उघडलं. तुकडा काढायच्या आधी आकडा लिहिला : ११. मग काढून बघितलं, १३. दोन आणे गळाले.

कारण शोधत बसलो. पंधरा दिवसांत काय उरलं? म्हाताऱ्याची बोटं उरली, आरशापुढची बैठक उरली, बाप-लेकाचं एक भांडण उरलं. वाईट माणसांपैकी एकाचाही चेहरा आठवेना, त्यांना कसं मारलं तेही क्रमानं सांगता येईना. म्हणजे उत्तरार्धात मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्या थेटरातच ठेवून आलो. ११ आहेत ते सगळे एकट्या प्रभावळकरांचे.

सौ.चं मत वेगळं. तिनं चोपडीत स्वतःच्या हातानं बाजूला १४ लिहिलं. दुकानाच्या वहीत कोणी असं केलं असतं तर शेटजींनी नोकरीवरून काढलं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आधी 'वाळवी'चं पेव. १२ चे १२. चांगला सुतार जसं कपाट करतो तसा सिनेमा, बिजागरी कुरकुरत नाही. आठवणीत वाढलाही नाही, कमीही झाला नाही. असा माल विकायला सोपा. यादीत घेतला.

दुपारी श्रीखंड-पुरीनंतर स्वदेस (२००४). तीन तासांहून मोठा. गोवारीकरांचं चरणपूर सिनेमात उत्तर भारतात आहे, पण नदीघाट मेणवलीचा आहे, वाईजवळचा. नाना फडणवीसांचा वाडा तिथलाच. आम्ही मागं सहलीला गेलो होतो तेव्हा घाटावरच्या देवळातली मोठी घंटा वाजवून बघितलेली, वसईच्या विजयानंतर आणलेली म्हणतात ती. परिणाम असा की शाहरुख खान घाटावर विचारमग्न उभा आहे आणि आमच्या घरात, "अगं तिथं आपण कणसं खाल्ली होती की," हे चाललंय. वाईकरांचं कसं होत असेल कोण जाणे. 'गंगाजल'मधलं बिहारही तिथलंच. त्या माणसांना कुठल्याही सिनेमात कुठलंही दुसरं गाव दिसतच नसेल.

पण रेल्वेच्या फलाटावर पंचवीस पैशाला पाणी विकणारा पोरगा येतो तिथं खोलीत कोणी बोललं नाही. शाहरुखचा मोहन भार्गव इतका वेळ बाटलीचंच पाणी पीत असतो, आणि तो मातीच्या भांड्यातलं पाणी घेतो. चेहरा फार हलत नाही त्याचा. एवढंच. पंचायतीतली भाषणं त्याच्या पुढं फिकी. भाषणं थोडी कापली असती तर माझा एक आणा वाढला असता.

सौदा : १३.

५ ऑक्टोबर, रविवार

'सामना'चं पेव. १५ लिहिले. खाली १४ होते. वाढला! पंधरा दिवसांत मी तीनदा कुठं ना कुठं कुणाला तरी बघून "हा पान लावतोय" असं मनात म्हणालो होतो. सिनेमा असा बाहेर येऊन बसला की आणे वाढवावेच लागतात.

रात्री कोर्ट. चैतन्य ताम्हाणे, पहिलाच सिनेमा, २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कार. एका गटार साफ करणाऱ्या कामगाराचा मृत्यू, आणि त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं म्हणून एका लोकशाहिरावर खटला. हे वाचून मी दणदणीत खटल्याची तयारी करून बसलो होतो. झालं काय, तर तारीख. आणि पुढची तारीख. कॅमेरा एका जागी ठेवलाय आणि माणसं त्याच्यापुढून कामं करत जातात. एका बाईची सुनावणी तिनं बिनबाह्यांचं घातलंय म्हणून न्यायमूर्ती घेतच नाहीत. सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर पोराला आणायला जाते, घरी स्वयंपाक करते, नवऱ्याच्या पथ्याची काळजी करते. ही बाई खोटं वागत नाही, हेच भीतीचं. गीतांजली कुलकर्णी. सौ. म्हणाली, "ही आमच्या स्टाफरूममध्ये बसते."

शेवटी कोर्ट बंद होतं, दिवे एकेक करून विझतात. मला वाटलं संपला. संपत नाही. न्यायमूर्ती कुटुंबाबरोबर सहलीला जातात. का दाखवतोय हे, असं म्हणत जांभई देत होतो, तोवर खरंच संपला.

खरं लिहायचं तर कंटाळा आला. सौदा : ९.

८ ऑक्टोबर, बुधवार

'बनवाबनवी'चं पेव : आडवी रेघच.

एक नवा कौटुंबिक सिनेमा लावला, नाव लिहीत नाही. चाळिसाव्या मिनिटाला सगळी पात्रं एका टेबलाभोवती रडायला लागली तेव्हा टीव्ही बंद करून हिशेबाच्या वह्या काढल्या. दिवाळीच्या आत येणी वसूल करायची आहेत, त्यातली माणसं जास्त चांगली रडतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

कुंकू (१९३७). प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. यूट्यूबवर मिळाला, प्रत खरखरीत. ही नोंद लांबणार.

हा इथल्या मातीतला विषय आहे असं मला आधीपासून वाटत होतं आणि शोधल्यावर पटलं. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न, यावर 'शारदा' नाटक १८९९ चं, ते लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. 'कुंकू' ज्या कादंबरीवरून केला ती 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे नारायण हरी आपटे सांगली जिल्ह्यातल्या समडोळीत जन्मलेले. चार-पाच कोसांच्या टापूत दोघांनी तोच प्रश्न उचलला. म्हणजे प्रश्न किती घरांत असेल बघा.

पण 'शारदा'त मुलगी सुटते. 'कुंकू'तली नीरा लग्न लागल्यावर लढते, आणि नवऱ्याच्या घरातच राहून लढते. शांता आपट्यांचं हे काम बघताना १९३७ साल आहे हे विसरायला होतं. अंगावर आलेल्या सावत्र मुलाला ती छडीनं फोडून काढते. इंग्रजी कविता गाते, लाँगफेलोची! म्हाताऱ्याच्या कामात केशवराव दाते. त्यांचा राग येत राहतो आणि कधीतरी, कळायच्या आत, दया यायला लागते. ती येऊ नये म्हणून मी बराच प्रयत्न केला.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण मागं वाद्यं वाजवून तुम्हाला रडा-हसा सांगणारं कोणी नाही. दारं, पावलं, भांडी आणि घड्याळ. म्हाताऱ्याच्या घरात भिंतीवरचं घड्याळ आहे आणि त्याची टिकटिक ऐकू येत राहते.

आमच्याकडं आजोबांचं लंबकाचं घड्याळ आहे. पुरात खुंटीवरून काढून माळ्यावर ठेवलं म्हणून वाचलं, आठ मिनिटं मागं असतं. आज झालं असं की सिनेमातली खोली गप्प झाली आणि टिकटिक ऐकू यायला लागली. मी टीव्हीकडं बघतोय, आई मान वळवून आमच्या भिंतीकडं बघतेय. कुठलं घड्याळ वाजतंय ते दोघांनाही कळेना. मी आवाज बंद केला. टिकटिक चालूच. आमचं होतं. आवाज परत सुरू केला, तर दोन्ही वाजत होती, थोडी पुढं-मागं. आई म्हणाली, "राहू दे. वाजू दे दोन्ही."

मग तिनं मोठ्या काकूचं सांगितलं. हे मी आजवर ऐकलेलं नव्हतं. तिच्या माहेरी एक काकू होत्या, बिजवराला दिलेल्या, वय चौदा. आरसा नवऱ्याच्या खोलीत, आणि त्या खोलीत दिवसा जायचं नाही. म्हणून काकू कुंकू लावायच्या ते पितळी तांब्यात बघून. तांबा फुगीर, त्यात तोंड वाकडं दिसायचं, त्यामुळं कुंकू कायम एका बाजूला कलंडलेलं. "आम्ही पोरी हसायचो. आम्हाला काय माहीत तांब्याचं," आई म्हणाली.

शेवट सांगत नाही. आईला तो पटला नाही. "गेला म्हणून सुटली. जिवंत असता तर?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि शांतारामांकडंही असेल असं वाटत नाही. त्या एका गोष्टीसाठी एक आणा कापला, नंतर वाटलं कापणारी आई, मी फक्त दिवाणजी.

आईला विचारलं, तुझे किती? "मी कशाला मार्क घालू? मी काय मास्तर आहे?"

सौदा : १४.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

संत तुकाराम (१९३६). दामले-फत्तेलाल. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा बघून पिढ्यान्‌पिढ्यांनी तुकारामांचा चेहरा ठरवला. त्यातली 'आधी बीज एकले' ही रचना शांताराम आठवल्यांची, तिला खरा अभंग समजून अभ्यासकही फसले होते. मला मात्र सिनेमा आवलीचा वाटतो. गौरी नावाची ही बाई प्रभातमध्ये साध्या कामावर होती, नटी म्हणून आलेली नव्हती. पोरगं आजारी पडलं तेव्हा वहाण घेऊन देवळात शिरते, विठ्ठलाला जाब विचारायला. नवरा वैकुंठाला निघाला तरी घर तिच्याच गळ्यात. तुकाराम महाराज वर बघतात, ही चुलीकडं बघते, आणि दिग्दर्शकांनी दोघांनाही सारखा मान दिलाय.

सौदा : १४. हात जोडून १५ करायचा मोह आवरला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

'स्वदेस'चं पेव : १२. भाषणं कोमेजली, पाण्याचं भांडं राहिलं.

यादी आजच पाठवायची. 'दशावतार' थेटरचा, घरच्या यादीत बसत नाही. 'कोर्ट', 'कुंकू', 'तुकाराम' यांचे पंधरा दिवस भरलेले नाहीत. दिवाणजीच्या हिशेबानं ते कच्चेच आहेत. तरी पाच भरायचे म्हणून : सामना, वाळवी, स्वदेस, संत तुकाराम, कोर्ट. 'कोर्ट' नऊ आण्यांचा असून का घेतला ते मलाही सांगता येत नाही. गेले दहा-बारा दिवस ती सहल डोक्यातून जात नाहीये.

'कुंकू' आईनं काढायला लावला. "पाडव्याला पोरी नवऱ्याला ओवाळणार आणि तू हे लावणार?"

भाच्याचं उत्तर आलं : बनवाबनवी कुठाय?

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

काल यार्डात वहीपूजन, आज घरी आठ आणि आम्ही तीन. हिशेब मांडतो.

पहिल्या रात्री 'बनवाबनवी'. यादीला कोणी विचारलं नाही. शेजारचे काका घरमालकाचा प्रवेश घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी दुपारी 'वाळवी', सगळ्यांनी शेवटपर्यंत बघितला, करंज्या संपल्या. रात्री 'सामना' : पोरं वीस मिनिटांत मोबाइलवर, भाच्याच्या सासऱ्यांनी मात्र हलू दिलं नाही. तेही कारखान्याच्या भागातले. मध्येच म्हणाले, "आमच्याकडं याचं नाव वेगळं होतं." 'स्वदेस' लावला तेव्हा मेणवलीचा घाट यायच्या आत सहा जण झोपले होते.

यादीतले अडीच सिनेमे झाले. मागच्या वर्षी शून्य होते.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाहुणे भाऊबीज करून गेले. भाचा निघताना म्हणाला, "मामा, ते 'कोर्ट' रात्री एकट्यानं मोबाइलवर बघितलं. तो म्हातारा शेवटी पोराला का मारतो?"

त्यालाही तिथंच अडकायला झालं तर. न्यायमूर्ती बाकावर डुलकी घेत बसलेत, पोरं जवळ येऊन ओरडून उठवतात, बाकीची पळतात आणि हाताला लागलेल्या एकाला थोबाडीत बसते. ते पोरगं रडतं, न्यायमूर्ती परत डोळे मिटतात. ज्यानं ओरडायचं ते पळालं, जे सापडलं त्यानं खाल्ली. दोन तास कोर्टात हेच चाललं होतं की! मला जांभई येत होती म्हणून दिसलं नाही. पेव पाच-सहा दिवस उशिरा उघडलं, दिवाळीमुळं. ९ वर १५. चोपडीतली सगळ्यात मोठी तफावत. नऊ खोडायची फार इच्छा झाली. वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून राहू दिले.

'कुंकू'ही आजच. १४ वर १५.

हे लिहीत असताना आई शेजारी लसूण सोलत बसली होती. न विचारता म्हणाली, "काकूला दाखवायला पाहिजे होता रे तो. तो छडीचा भाग तरी." मग थोड्या वेळानं, "किती घातलेस?" पंधरा म्हणालो. "बरं," म्हणाली. तिचा रकाना मी आखला नव्हता, आता आखला.

५ नोव्हेंबर, बुधवार, रंगभूमी दिन

सौ. शाळेत भाषणाला गेली, या वेळी त्यात दशावतारही घातलाय म्हणे. 'तुकाराम'चं पेव २९ तारखेला उघडायचं राहिलं होतं, आज उघडलं : १५. मोह खरा होता.

घड्याळवाल्याकडं जाऊन आलो. आठ मिनिटांचं काय करता येईल विचारलं. तो म्हणाला दुरुस्त करतो, पण टोल काढावा लागेल. तसंच परत आणलं, आईनं स्वतः चावी दिली.

रात्री साबर बोंडं बघायचा आहे, रोहन कानवडेंचा, सनडान्सला पारितोषिक मिळालेला. पंधरा दिवस धरले तर पेव २० नोव्हेंबरला.